तळ कोणाचा? गोल्डवॉटरचे पुस्तक आणि एका स्थितिवादी पक्षाचे पुनरुज्जीवन

‘तळागाळातील माणूस’ हा शब्दप्रयोग आपल्या चळवळीत इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ तपासून घ्यावा असे सहसा कोणाला वाटत नाही. तळ म्हणजे पाण्याखालची जमीन आणि गाळ म्हणजे वरच्या पाण्याने खाली ढकलून तिथे साचू दिलेले सगळे. ज्यांना व्यवस्थेने गाळ ठरविले त्यांचे राजकारण ते तळागाळाचे राजकारण, असे आपण मानत आलो. अमेरिकन राजकारणात याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘गवताची मुळे’ असा होतो. मुळे जमिनीत असतात एवढेच तो शब्द सांगतो. ती जमीन कोणाच्या मालकीची, हे सांगत नाही. आपल्याकडील वृत्तपत्रे आणि अभ्यासवर्ग हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्यातून एक मोठा वैचारिक घोटाळा होतो. चळवळ खालून वर आली म्हणजे ती परिवर्तनाचीच असणार, असे आपण गृहीत धरून बसतो.

हा घोटाळा निस्तरायला एक जुने पुस्तक उपयोगी पडते. १९६० साली ॲरिझोना राज्याचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या नावावर ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे छोटेखानी पुस्तक निघाले. ‘एका स्थितिवाद्याची सदसद्विवेकबुद्धी’ असे त्याचे मराठी करता येईल. प्रत्यक्ष लेखणी एल. ब्रेंट बोझेल यांची होती. ते ‘नॅशनल रिव्ह्यू’ या उजव्या नियतकालिकाच्या वर्तुळातले आणि त्याचे संस्थापक विल्यम बक्ली यांचे मेहुणे. पुस्तक कुठल्या नामवंत प्रकाशनाने काढले नाही. केंटकी राज्यातल्या एका आडबाजूच्या गावातून ते निघाले आणि चार वर्षांत त्याच्या लाखो प्रती हातोहात गेल्या. या पुस्तकाने, आणि ते खिशात घालून दारोदार हिंडलेल्या माणसांनी, अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचा चेहरा पालटला. एका थकलेल्या पक्षात नवा विचार आणि नवे कार्यकर्ते कसे येतात याचे ते उत्तम उदाहरण आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा आपण, म्हणजे गावकुसाबाहेरच्यांनी, आपल्या जागेवरून केली पाहिजे.

‘रिपब्लिकन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९५७ साली स्थापन झालेला बाबासाहेबांच्या संकल्पनेतला पक्ष येतो. अमेरिकेतला त्या नावाचा पक्ष वेगळा. पण त्याच्याशीही आपले एक जुने नाते आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रोंना दास्यातून सोडविण्यासाठी त्यांनी दाखविलेल्या निःस्वार्थ वृत्तीचा गौरव म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा या इच्छेने. ज्या राजकीय शक्तीने ते दास्यविमोचन घडविले ती म्हणजे १८५४ साली गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करीत उभा राहिलेला लिंकनचा रिपब्लिकन पक्ष. गुलामगिरी नष्ट करणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती, समान नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी आणि मतदानात वर्णभेदाला मनाई करणारी १८७० ची पंधरावी, या तिन्ही दुरुस्त्या त्याच पक्षाच्या जोरावर झाल्या. १८७० मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हल्स याच पक्षाचे, आणि तेही मिसिसिपी राज्यातून आलेले. जोतीराव ग्रंथ लिहीत होते तेव्हा ही आशा जिवंत होती.

१८७७ मध्ये अध्यक्षपदाच्या सौद्यात याच पक्षाने दक्षिणेतील सरकारांना दिलेला लष्करी आधार काढून घेतला आणि मुक्त झालेल्या माणसांना जुन्या मालकांच्या हवाली केले. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथात या विश्वासघाताची आठवण मुद्दाम दिली आहे. अशीच फसवणूक आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून अस्पृश्य आधी हमी मागत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा या पक्षाच्या नव्या जन्माची कथा वाचताना त्याचा जुना जन्म आणि पहिला मृत्यू दोन्ही ध्यानात ठेवावे लागतात.

आता पुस्तकाकडे वळू. त्याची भाषा साधी, टोकदार आणि विश्वासाची आहे. माणूस हा केवळ पोटार्थी प्राणी नाही, त्याला आत्मा आहे, प्रत्येक माणूस दुसऱ्याहून वेगळा आहे, म्हणून त्याच्या विकासाचा मार्ग सरकारने आखू नये, असा आरंभ आहे. मग एकेक प्रकरणात सरकारचा हात मागे घेण्याची मागणी येते. शेतीला सरकारी आधार नको. कामगार संघटनांची सक्तीची सभासदत्वे नकोत. चढत्या दराचा आयकर नको. कल्याणकारी राज्य नको, कारण दयाधर्म हा व्यक्तीचा आणि खासगी संस्थांचा प्रांत आहे. आपण कायदे करण्यासाठी नव्हे तर असलेले कायदे रद्द करण्यासाठी राजकारणात आलो, असा लेखकाचा अभिमान आहे. ज्या काळात दोन्ही पक्ष एकमेकांची नक्कल करीत होते त्या काळात असे स्वच्छ बोलणे तरुणांना भावले, यात नवल नाही.

या पुस्तकाचे खरे मर्म ‘राज्यांचे हक्क’ आणि ‘नागरी हक्क’ या दोन लागोपाठच्या प्रकरणांत आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला होता. त्या निर्णयाला गोल्डवॉटर नकार देतात, पण तो देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका शाळेत शिकणे शहाणपणाचे आणि न्याय्य आहे, असे आपले वैयक्तिक मत असल्याचे ते सांगतात. मात्र हे मत मिसिसिपी किंवा साउथ कॅरोलायनाच्या लोकांवर लादायला ते तयार नाहीत. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, घटना करणाऱ्यांच्या मनात तसे नव्हते, आणि सामाजिक बदल सत्तेच्या यंत्राने नव्हे तर मनवळवणीने व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा सूर आपल्या कानांना ओळखीचा आहे. अस्पृश्यता वाईटच, पण कायद्याने का? हृदयपरिवर्तन होऊ द्या. तुमचे म्हणणे खरे, पण गावाला विश्वासात घ्या. ज्याला पाणी मिळत नाही त्याने, ज्याने पाणी अडवले आहे त्याचे मन पालटेपर्यंत तहानलेले राहावे, असा या उपदेशाचा अर्थ होतो. उपदेश करणारा मनाने दुष्ट असतो असे नाही. गोल्डवॉटर तसे नव्हतेही. ॲरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमधला वर्णभेद मोडण्यात त्यांचा वाटा होता, आणि १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मतही दिले होते. म्हणून त्यांना वर्णद्वेष्टे म्हणून मोकळे होणे हा आळस ठरेल. प्रश्न त्यांच्या मनाचा नाहीच. एका भल्या माणसाच्या तत्त्वज्ञानात दुसऱ्याची गुलामी कशी सुखाने राहू शकते, हा प्रश्न आहे.

उत्तर एका शब्दात दडलेले आहे. तो शब्द ‘लोक’. मिसिसिपीच्या लोकांवर मत लादू नये असे पुस्तक म्हणते, तेव्हा हे लोक कोण? १९६० च्या शिरगणतीत त्या राज्यात शंभरांतली सुमारे बेचाळीस माणसे कृष्णवर्णीय होती. मतदारयादीत मात्र पात्र कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातसुद्धा धड नव्हते. मतदान कर, वाचनाची नि घटनेच्या अर्थाची परीक्षा, मालकाची धमकी आणि रात्रीचा गोळीबार यांनी ही व्यवस्था केली होती. म्हणजे ‘मिसिसिपीचे लोक’ याचा अर्थ ‘मिसिसिपीचे गोरे लोक’ एवढाच उरतो. पंधराव्या घटनादुरुस्तीने मतदानाचा हक्क संरक्षित आहे हे पुस्तक मान्य करते, पण तो हक्कच नसताना ‘लोकांची इच्छा’ कोठून काढायची, हे विचारत नाही. ‘गावाने ठरवले’ हे वाक्य आपल्या खेड्यात जसे उच्चारले जाते तसेच हे आहे. त्या गावात महारवाडा, मांगवाडा धरलेला नसतो.

स्थानिक स्वायत्तता ही स्वतः वाईट गोष्ट नाही. पण ती कोणाच्या हातात आहे हे न पाहता तिचे गोडवे गाणाऱ्याला महाडचा इतिहास दाखवावा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ‘स्थानिक लोकांनी’ स्वायत्तपणे घेतलेला निर्णय तो हा! अखेर १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्तीला पाया मानले, त्यामागे हा सगळा अनुभव उभा होता. गोल्डवॉटरही व्यक्तीचेच नाव घेतात. पण व्यक्ती आणि राज्य यांच्यात झगडा झाला तेव्हा मिसिसिपीतल्या काळ्या व्यक्तीच्या बाजूने ते उभे राहिले नाहीत. पुस्तकातील ही विसंगती किरकोळ नाही. सगळी इमारत तिच्यावरच उभी आहे.

इथपर्यंतची टीका पुष्कळांनी केली आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी मात्र पुढचा भाग अधिक काळजीपूर्वक वाचावा, कारण तो कामाचा आहे.

विचाराचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी सप्टेंबरात कनेटिकटमधील शॅरन गावी बक्लींच्या घरी शंभराच्या आत-बाहेर तरुण जमले आणि ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही संघटना निघाली. त्यांचा जाहीरनामा छापील एका पानात मावेल एवढा होता. पाठ करता येईल असा. १९६१ च्या ऑक्टोबरात एफ. क्लिफ्टन व्हाइट या कसलेल्या संघटकाने शिकागोतील एका मोटेलात वीस-बावीस माणसे गोळा केली आणि पक्ष ताब्यात घेण्याची योजना मांडली. योजना अशी, की वरच्या पुढाऱ्यांची मनधरणी करायची नाही. मोहल्ल्याच्या सभेला जायचे, जिथे पाच-पंचवीस माणसेसुद्धा येत नाहीत. तिथे आपले बहुमत करायचे. तिथून जिल्ह्याच्या सभेला, तिथून राज्याच्या अधिवेशनाला आपले प्रतिनिधी पाठवायचे. पक्षाची घटना आणि सभेचे नियम वाचून काढायचे. वरच्यांना जाग येईपर्यंत खालचा मजला आपला झालेला असला पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीसारख्या नव्या उपनगरांत हे काम गृहिणींनी केले. सकाळी कॉफीला शेजारणी बोलवायच्या, पुस्तक हातात द्यायचे, यादीत नाव लिहून घ्यायचे. लिसा मॅक्गर यांनी २००१ साली आपल्या ग्रंथात या उपनगरांचे चित्र बारकाईने रेखाटले आहे. इलिनॉयमधल्या फिलिस श्लाफ्ली यांनी १९६४ मध्ये ‘अ चॉइस नॉट ॲन एको’ हे पुस्तक स्वतःच छापून लाखोंनी खपविले. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीत गोल्डवॉटर यांनी नेल्सन रॉकफेलर यांना थोडक्यात हरविले, ते या दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर. धनाढ्य रॉकफेलरांकडे पैशाला तोटा नव्हता. त्यांच्याकडे नव्हती ती दारोदार जाणारी माणसे.

आणि पराभवानंतर? नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीत गोल्डवॉटर सपाटून हरले. ४८६ विरुद्ध ५२ निर्वाचक मते. पक्ष संपला असे जाणत्यांनी लिहिले. पण दोन कोटी सत्तर लाखांच्या घरात मते देणारी माणसे घरी गेली नाहीत. डिसेंबरात ‘अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन’ स्थापन झाली. रिचर्ड व्हिगरी या तरुणाने वॉशिंग्टनच्या दप्तरात बसून गोल्डवॉटर यांच्या देणगीदारांची हजारो नावे हाताने उतरवून काढली आणि त्या यादीवर पुढे टपालाने निधी जमविण्याचे भले मोठे यंत्र उभे केले. १९६६ मध्ये रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. १९७३ मध्ये ‘हेरिटेज फाउंडेशन’ निघाले. १९८० मध्ये रेगन ४४ राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. मोटेलातल्या बैठकीपासून एकोणीस वर्षे. आपल्या किती संघटनांनी एका पराभवानंतर यादी जपून ठेवली, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात करावा.

हे श्रम खरे होते, म्हणून त्यांची किंमत कोणी मोजली हेही तितक्याच खरेपणाने सांगितले पाहिजे. १९ जून १९६४ ला नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकन पक्षाच्या ३३ सदस्यांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिले. विरोधात गेलेल्या सहांत गोल्डवॉटर होते. म्हणजे जुना, थकलेला, ‘नक्कल करणारा’ म्हणून हिणवला गेलेला पक्ष या प्रश्नावर अजून लिंकनची थोडी लाज राखून होता. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये नव्या पक्षाने त्या विरोधकालाच उमेदवारी दिली. तेराशेवर प्रतिनिधींत कृष्णवर्णीय पंधराच्या आसपास होते. त्यांना शिव्या आणि धक्काबुक्की सोसावी लागली, एकाचा कोटसुद्धा जाळला गेला. १९४७ मध्ये बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन रॉकफेलर यांचा पाठीराखा म्हणून तिथे हजर होता. त्याने १९६० मध्ये निक्सन यांच्यासाठी प्रचार केला होता. त्या सभागृहात त्याला आपण हिटलरच्या जर्मनीत आलो आहोत असे वाटले, हे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. १९५६ मध्ये आयसेनहॉवर यांना कृष्णवर्णीयांची शेकडा चाळीसच्या जवळ मते पडली होती असा अंदाज आहे. १९६४ मध्ये ती शेकडा सहाच्या आसपास उरली. पक्ष ‘खालून’ नवा झाला आणि त्याच क्षणी ज्यांच्यासाठी तो जन्मला होता ते त्यातून बाहेर फेकले गेले.

गोल्डवॉटर यांनी जिंकलेली सहा राज्ये हेच सांगतात. स्वतःचे ॲरिझोना वगळता मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना आणि साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत त्यांना शेकडा ८७ मते मिळाली. रेव्हल्स यांना सिनेटमध्ये पाठविणाऱ्या राज्यात, काळ्या माणसाला यादीबाहेर ठेवून. उत्तरेकडील लोकांनीही स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियाने त्याच दिवशी गोल्डवॉटर यांना हरविले आणि त्याच मतपत्रिकेवर ‘प्रस्ताव १४’ दोन-तृतीयांशाच्या जवळ जाणाऱ्या बहुमताने मंजूर केला. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण पाहण्यास बंदी करणारा १९६३ चा कायदा या प्रस्तावाने मोडीत काढला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव घटनाबाह्य ठरविला, ही गोष्ट निराळी. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांची भाषा द्वेषाची नव्हती. ती ‘माझे घर, माझा हक्क’ अशी स्वातंत्र्याची होती. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून घर नाकारले गेलेल्या वाचकाला ही भाषा समजावून सांगायला नको.

त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत आणखी एक पक्ष तळातून उभा राहत होता. त्याचे नाव ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने सभांची दारे बंद केली, म्हणून यांनी आपल्या सभा स्वतः भरविल्या. मोहल्ल्याची, जिल्ह्याची, मग राज्याची. रीत तीच, जी क्लिफ्टन व्हाइट यांची. तिथून ६८ प्रतिनिधी निवडून ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनाला गेले. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. विसांपैकी शेवटचे अपत्य, कापसाच्या मळ्यात राबणारी, वाट्याने शेती करणाऱ्या घरातली बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या तर मळ्यातून हाकलल्या गेल्या. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. हे सगळे त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे सांगितले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडून हटावे म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने स्वतःची पत्रकार परिषद बोलावली. ‘पुरोगामी’ म्हणविणाऱ्या पक्षाने त्यांना दोन जागांचा तुकडा देऊ केला. त्यांनी तो नाकारला.

ऑरेंज काउंटीतली कॉफीची बैठक आणि मिसिसिपीतल्या चर्चमधली सभा या दोन्हींना अमेरिकन भाषेत एकच शब्द आहे. पहिल्या बैठकीतून उठणारी बाई आपल्या मोटारीने आपल्या घरी जाते. दुसरीतून उठणारीला आज घर जळलेले सापडेल का, याची धास्ती असते. पहिलीला आहे ते टिकवायचे आहे, दुसरीला माणूस म्हणून मोजले जायचे आहे. आपला ‘तळागाळ’ हा शब्द यांतील दुसरीचाच आहे. तो पहिलीला उसना देऊ नये.

मग स्थितिवादी पक्षाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या रीतीने होऊच शकत नव्हते का? होऊ शकत होते, आणि तसा प्रयत्नही झाला. डिसेंबर १९६२ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे काही तरुण रिपब्लिकनांनी ‘रिपन सोसायटी’ स्थापन केली. ज्या विस्कॉन्सिनच्या गावात पक्षाचा जन्म सांगितला जातो त्याचे नाव तिला दिले. बाजारपेठेवर विश्वास, सरकारच्या उधळपट्टीला विरोध, पण नागरी हक्कांच्या बाजूने निःसंदिग्ध उभे राहणे, ही त्यांची भूमिका होती. मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रूक या कृष्णवर्णीय नेत्याने गोल्डवॉटर यांना पाठिंबा नाकारला आणि १९६६ मध्ये त्याच पक्षातर्फे ते सिनेटवर निवडून आले. थेट लोकांनी निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. म्हणजे सनातनीपणा सोडूनही कोणी काटकसरी, सावध, परंपरेला मानणारे राजकारण करू शकतो, हे सिद्ध झाले होते.

पण ही धारा आटली. रिपनवाल्यांनी उत्तम निबंध लिहिले. मोहल्ल्याच्या सभेला कोण गेले? त्यांची बैठक विद्यापीठात होती आणि दुसऱ्यांची स्वयंपाकघरात. चांगला विचार आणि रिकामी सभा यांची गाठ पडली की सभा जिंकते. विचार ग्रंथालयात जातो. आपल्या साहित्य संमेलनांतून गेली कित्येक दशके जे ठराव झाले त्यांतल्या कितींना एकेका वॉर्डात चार माणसे मिळाली, हे पाहिले तर रिपनची गोष्ट परकी वाटणार नाही.

पुढची कथा भाषेची आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी ती दुर्लक्षू नये. १९५७ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने संपादकीयात गोरी जमात प्रगत असल्याने दक्षिणेत तिचेच चालले पाहिजे, असे उघड लिहिले होते. १९६० च्या पुस्तकात वंशाचे श्रेष्ठत्व उरले नाही. त्याच्या जागी राज्यांचे हक्क आले. १९६८ मध्ये निक्सन ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणू लागले. ३ ऑगस्ट १९८० ला रेगन यांनी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत राज्यांच्या हक्कांवरचा आपला विश्वास जाहीर केला. तिथून काही मैलांवर जून १९६४ मध्ये चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. १९८१ मध्ये पक्षाचे डावपेच आखणारे ली ॲटवॉटर यांनी एका मुलाखतीत ही शिडी स्वतःच उलगडली. आधी उघड शिवी, मग राज्यांचे हक्क, मग करकपात. शब्द जितका अमूर्त होतो तितके बोलणाऱ्याचे हात स्वच्छ दिसतात, फटका मात्र त्याच माणसांना बसतो. याला भाषेचे सोवळे म्हणावे. आपल्याकडे ‘गुणवत्ता’, ‘कार्यक्षमता’, ‘समरसता’ हे शब्द कोणत्या प्रसंगी कोण उच्चारतो, हे ऐकण्याची सवय आपल्या समीक्षेने लावून घेतली पाहिजे. जुलै २००५ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेल्मन यांनी कृष्णवर्णीयांच्या संघटनेपुढे, वांशिक दुहीचा फायदा घेणे चुकीचे होते, असे कबूल केले. कबुलीने मोडलेले जोडले गेले नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा असलेली तरतूद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केली.

या वाचनातून दोन गोष्टी हाती येतात आणि त्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत. एक, खालून आलेली प्रत्येक लाट आपली नसते. कोणताही पक्ष, मग तो कुठल्याही रंगाचा असो, ‘नवा विचार, नवे कार्यकर्ते’ असे म्हणत दारात आला, की त्याच्या ‘लोक’ या शब्दात कोण धरले आहे ते आधी विचारावे. बाबासाहेबांचे छायाचित्र व्यासपीठावर लागले म्हणजे महारवाडा गावात आला असे होत नाही. त्या पक्षाच्या वॉर्डसभेत, उमेदवारी ठरविणाऱ्या खोलीत आणि पैशाच्या हिशेबात तो आहे का, ते पाहावे. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. ज्यांना आपण प्रतिगामी म्हणतो त्यांनी तिथे एकोणीस वर्षे जे केले ते करण्याची आपली तयारी आहे का? पुस्तक छोटे आणि सोपे लिहिणे, ते दारोदार पोचविणे, रिकाम्या सभेला चिकाटीने जाणे, नियम वाचणे, हरल्यावर यादी जपणे. यांतले काहीही गोऱ्यांची किंवा सवर्णांची मक्तेदारी नाही. फॅनी लू हेमर यांनी हेच केले. त्यांच्याकडे मोटार नव्हती, पैसा नव्हता, जीव सुरक्षित नव्हता. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या मिसिसिपीच्या अधिकृत शिष्टमंडळात बसल्या.

अभ्यासवर्ग चालविणाऱ्या मित्रांना एक सूचना करावीशी वाटते. गोल्डवॉटर यांचे पुस्तक एकदा आपल्या वर्गात वाचावे. विरोधकाचे उत्तम पुस्तक त्याच्या उत्तम रूपात वाचल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही. त्याच आठवड्यात घटना समितीतील ४ नोव्हेंबर १९४८ चे बाबासाहेबांचे भाषण वाचावे. आणि वर्ग संपल्यावर वस्तीतल्या किती पात्र माणसांची नावे मतदारयादीत नाहीत, ते घरोघर जाऊन लिहून काढावे. ती वही पुढच्या वर्गाला सोबत आणावी.